हॉस्पिटल जहाजावर स्वयंसेवी नर्स म्हणून जायचंय? अर्जापासून परतीपर्यंत

जहाजावर नर्सिंगला जायचं म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "बोट लागली तर?" ही काळजी यादीत सगळ्यात खाली टाका. ऑपरेशनं चालू असताना अशी मोठी जहाजं भर समुद्रात नसतात. ती बंदरात धक्क्याला बांधलेली असतात, बऱ्याचदा सलग दहा महिने. जहाज पुढच्या बंदराकडे निघतं तेव्हा हॉस्पिटल बंद असतं आणि यंत्रं, पलंग घट्ट बांधून ठेवलेले असतात. थोड्या मुदतीसाठी आलेल्या नर्सेस तोवर घरी पोचलेल्या असतात. समुद्राचा त्रास फारसा कुणाला होत नाही. लोक अडतात ते कागदपत्रांत, औषधांच्या मापांत आणि भाषेत.

१. आधी जहाज ठरवा, मग विभाग

नावावरून गोंधळ होतो. अमेरिकन नौदलाची 'मर्सी' आणि 'कम्फर्ट' ही दोन जहाजं आहेत. मुळात तेलवाहू असलेल्या या जहाजांवर आता प्रत्येकी १,००० खाटांची सोय आहे. तिथे नौदल किंवा त्याच्यासोबत काम करणाऱ्या संस्थेमार्फतच जाता येतं. 'मर्सी शिप्स' ही पूर्णपणे वेगळी, १९७८ साली सुरू झालेली स्वयंसेवी संस्था आहे आणि वैयक्तिक अर्ज करणाऱ्या नर्सेसपैकी बहुतेक तिथेच जातात. तिची सध्या दोन जहाजं आहेत. 'आफ्रिका मर्सी' ही पूर्वी डेन्मार्कमधली रेल्वे वाहून नेणारी फेरी होती. २००७ पासून ती हॉस्पिटल म्हणून चालते आणि तिच्यावर ५ ऑपरेशन थिएटर आहेत. 'ग्लोबल मर्सी' मात्र हॉस्पिटल म्हणूनच बांधलेलं १७४ मीटर लांबीचं जहाज आहे. ते २०२१ मध्ये बांधून पूर्ण झालं, त्यावर ६ थिएटर आणि सुमारे २०० खाटा आहेत. दोन्ही जहाजांचं काम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चालतं. बांगलादेशात 'फ्रेंडशिप' ही संस्था नदीवर तरंगती हॉस्पिटलं चालवते. तिथे बाहेरून शस्त्रक्रियेची पथकं ठरावीक काळासाठी येतात, त्यामुळे एकट्याने अर्ज करण्यापेक्षा पथकाबरोबर जाणं सोपं.

पुढचा बराचसा मजकूर आफ्रिकेतल्या जहाजांना धरून आहे.

मर्सी शिप्स ख्रिस्ती श्रद्धेवर उभी आहे. वॉर्डात प्रार्थना होते. तुमची श्रद्धा कोणतीही असो, संस्थेची मूल्यं नीट वाचून, आपण या वातावरणात काही महिने मनापासून राहू शकतो का, हे अर्जाआधी ठरवा. तिथे पोचल्यावर वाद घालून कुणाचंच भलं होत नाही.

विभाग निवडताना अर्जात बढाई नको. जहाजावर कामं साधारण अशी असतात: वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, रिकव्हरी, आयसीयू, ऑपरेशनपूर्व तपासणी, बाह्यरुग्ण ड्रेसिंग, डोळ्यांचा विभाग. नोंदणीनंतर दोन वर्षांचा तरी प्रत्यक्ष अनुभव धरूनच चाला. शिकाऊ काळ त्यात मोजला जात नाही. रुग्णांत लहान मुलं खूप असतात, म्हणून बालरुग्ण विभागाचा अनुभव असेल तर तो अर्जात ठळक लिहा. थिएटरमधल्या कामाची किमान मुदत बऱ्याचदा वॉर्डपेक्षा कमी असते. सुट्टी मोजकीच असेल तर हे आधीच विचारून घ्या.

२. कागदपत्रं: सगळ्यात हळू चालणारा कागद आधी

सहसा हे लागतं:

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर किमान ६ महिने वैध, दोन-तीन कोरी पानं शिल्लक
- नर्सिंग नोंदणीचं चालू प्रमाणपत्र आणि नोंदणी करणाऱ्या संस्थेचं पडताळणीपत्र
- पदवी किंवा पदविका प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका
- बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण) प्रमाणपत्र. आयसीयू व रिकव्हरीसाठी एसीएलएस (प्रौढांचं प्रगत जीवरक्षण) किंवा पाल्स (मुलांचं प्रगत जीवरक्षण)
- वरिष्ठांची शिफारसपत्रं, त्यातलं एक सध्याच्या नर्सिंग प्रमुखांचं
- पोलीस पडताळणी
- लसीकरणाची पूर्ण नोंद, डॉक्टर आणि दंतवैद्याची तपासणी
- रक्तगटाचा लेखी पुरावा

बरेच अर्ज तीन कारणांनी रखडतात. पहिलं म्हणजे नाव. पासपोर्टवर एक आडनाव, नोंदणीवर लग्नाआधीचं, पदवीवर वडिलांचं नाव मधे घातलेलं. यजमान देशाचं आरोग्य खातं याच कागदांवरून तात्पुरता परवाना देतं आणि तिथल्या कारकुनाला ही एकच व्यक्ती आहे हे कळायला काही मार्ग नसतो. नावबदलाचं प्रतिज्ञापत्र किंवा विवाह प्रमाणपत्र पहिल्याच खेपेला जोडा. दुसरं, नोंदणीची मुदत. ती जहाजावर असताना संपणार असेल तर निघण्याआधी नूतनीकरण करा. तिथून करायला गेलात तर ओटीपी घरच्या सिमवर येत राहील. तिसरं, दात. जहाजावर तुमच्या दाढेचं रूट कॅनाल करायला कुणी रिकामं नसतं, म्हणून दंततपासणीचा फॉर्म गंभीरपणे तपासला जातो. हललेलं फिलिंग आधीच भरून घ्या.

सगळ्याच्या रंगीत स्कॅन प्रती काढा. प्रत्येक कागदाची वेगळी फाइल करा आणि तिच्या नावात आपलं नाव व कागदाचं नाव घाला. नोटरी केलेल्या दोन छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा.

३. लसी आणि मलेरियाच्या गोळ्या

इथे वेळापत्रक चुकतं, कारण हेपॅटायटिस बी ची पूर्ण मात्रा ०, १ आणि ६ महिने अशी असते. "लहानपणी घेतली होती" एवढ्याने भागत नाही. अँटिबॉडी पातळी १० किंवा जास्त असल्याचा अहवाल लागतो आणि नवा कोर्स केला असेल तर ती तपासणी शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी करायची असते. म्हणजे शून्यापासून सुरुवात असेल तर सात-आठ महिने हातात ठेवा.

पश्चिम आफ्रिकेसाठी पीतज्वराची लस लागतेच. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतं, आणि ११ जुलै २०१६ पासून एकच डोस आयुष्यभर चालतो. ही जिवंत लस आहे. गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्यांची लसही बाकी असेल तर दोन्ही एकाच दिवशी घ्या, नाहीतर मधे ४ आठवडे सोडा. गरोदरपणी, अंड्याच्या तीव्र अ‍ॅलर्जीत किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना आधी डॉक्टरांशी बोला. वय ६० च्या पुढे असेल तरीही. याखेरीज धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, पोलिओ, टायफॉइड, हेपॅटायटिस ए आणि क्षयाची तपासणी. एकाच जहाजावर शेकडो माणसं राहत असल्याने क्षय आणि गोवर याबाबत तडजोड होत नाही.

मलेरिया प्रतिबंधक औषध कोणतं, हे डॉक्टर ठरवतील. पण फरक माहीत असू द्या. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज, १-२ दिवस आधीपासून, परतल्यावर ७ दिवस. डॉक्सिसायक्लिनही रोज, पण परतल्यावर ४ आठवडे. उन्हात त्वचा भाजते, आणि गोळी भरपूर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, किमान २ आठवडे आधी सुरू. ज्यांना नैराश्य, फिट्स किंवा वाईट स्वप्नांचा त्रास आहे त्यांनी ते टाळावं. रात्रपाळीत गोळी सगळ्यात जास्त विसरली जाते, म्हणून तिची वेळ झोपेशी न जोडता जेवणाशी जोडा.

४. पैसा आणि विमा

पगार नाही. उलट विमानभाडं, व्हिसा, लसी आणि विमा बहुधा स्वतःच्या खिशातून जातो. काही ठिकाणी राहण्या-जेवणाचं मासिक शुल्कही असतं. हे नियम बदलत राहतात, म्हणून चालू आकडा लेखी मागवा आणि मगच वर्गणी गोळा करायला निघा.

विम्याची पॉलिसी पानन् पान वाचा. साध्या पर्यटन विम्यात 'काम करताना झालेली इजा' वगळलेली असते, आणि वॉर्डातलं बिनपगारी काम हेही कामच. लेखी हव्यात अशा गोष्टी: स्वयंसेवी वैद्यकीय काम समाविष्ट आहे, वैद्यकीय कारणासाठी दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च मिळेल, संसर्गाची जोखीम असलेली सुई टोचली तर उपचार मिळतील. व्यावसायिक चुकीबद्दलचं संरक्षण संस्थेकडून मिळतं का, हेही विचारा.

५. सामान कमीच

केबिन वाटून घ्यावी लागते. दोघांच्या, चौघांच्या, जुन्या जहाजावर त्याहून जास्त जणांच्याही असतात. कपाट अरुंद असतं. कडक सूटकेस रिकामी झाल्यावर कुठे ठेवायची हा प्रश्नच असतो, म्हणून घडी होणारी बॅग न्या.

पुढून-मागून बंद, न घसरणारे बूट दोन जोड. सेकंदकाटा असलेलं घड्याळ, मनगटाऐवजी छातीला लावायचं. छोटी टॉर्च, पेनं, कात्री, खिशातली वही. झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी आणि कानातले बोळे, कारण केबिनमधली दुसरी माणसं वेगळ्या पाळीत असतील. बाहेर जाताना खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. स्वतःची रोजची औषधं पूर्ण मुदतीपुरती, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. स्क्रब (ड्युटीवर घालायचे कपडे) तिथे मिळतात का, ते आधी विचारा.

इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, मेणबत्ती, उदबत्ती नेऊ नका. जहाजावर आगीची भीती पाण्यापेक्षा मोठी असते, आणि तापणारी कुठलीही वस्तू केबिनमध्ये सापडली तर ती काढून घेतली जाते.

६. पहिले दोन दिवस

आल्या आल्या सुरक्षा प्रशिक्षण होतं. झोप येत असली तरी लक्ष द्या. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे सर्वसाधारण आणीबाणी. केबिनच्या दारामागे तुमचं जमायचं ठिकाण लिहिलेलं असतं. तिथपर्यंतचा रस्ता दोन वेगवेगळ्या जिन्यांनी चालून बघा. अशा वेळी लिफ्ट वापरायची नसते. ड्युटीवर असाल तर तुमची जागा बहुधा रुग्णांजवळ असते. कोणता रुग्ण कोण हलवणार हे पाळीच्या सुरुवातीलाच वाटून घेतात.

जलरोधक दरवाजे सरकत बंद होतात आणि माणूस मधे आला तरी थांबत नाहीत. बंद होत असताना "पटकन जाते" असं कधीही करू नका. आगीचे दरवाजे ट्रॉली लावून उघडे ठेवायचे नसतात. बऱ्याच दारांना उंच उंबरा असतो. प्लास्टर घातलेली मुलं तिथे अडखळतात.

धक्क्यालाही जहाज किंचित डुलतं. पलंग, ट्रॉली, सलाईन स्टँड सगळ्यांचे ब्रेक लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. गोडं पाणी जपून वापरायचं असतं. अंग भिजवा, नळ बंद, साबण, पुन्हा नळ. दोन मिनिटांत आंघोळ होते.

७. औषधं आणि मापं: खरी जोखीम इथे

एकाच वॉर्डात अनेक देशांतल्या नर्सेस असतात. प्रत्येकीचं शिक्षण चांगलं असतं, आणि चुका नेमक्या त्यामुळेच होतात. हात आपसूक घरच्या सवयीने चालतो.

रक्तातली साखर कुणी मिलिमोलमध्ये सांगतं, कुणी मिलिग्रॅममध्ये. लिटरमागे १ मिलिमोल म्हणजे डेसिलिटरमागे १८ मिलिग्रॅम. "शुगर ५" हे एकीला ठीक वाटतं आणि दुसरीला जीवघेणं. हिमोग्लोबिन ९५ म्हणजे ९.५ च, फक्त लिटरमागे मोजलेलं. क्रिएटिनिन ८८ मायक्रोमोल म्हणजे साधारण १ मिलिग्रॅम. हँडओव्हरमध्ये (पाळी बदलताना रुग्ण सोपवताना) आकड्याबरोबर एकक बोलाच.

नावंही वेगळी: अ‍ॅड्रिनॅलिन आणि एपिनेफ्रिन एकच, सालब्युटामॉल आणि अल्ब्युटेरॉल एकच, पॅरासिटामॉल आणि अ‍ॅसिटामिनोफेन एकच. कुणी एका नावाने गोळी देऊन नोंदवलं आणि दुसरीने दुसऱ्या नावाने पुन्हा दिली, असं होऊ शकतं. तारीखही अशीच फसवते: ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल? महिना अक्षरांत लिहा.

मुलांचं वजन पाउंडांत मोजलं आणि किलो समजलं तर डोस २.२ पट जातो. १२ किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल १५ मिलिग्रॅम प्रतिकिलो म्हणजे १८० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलिलिटरला १२० असेल तर ७.५ मिलिलिटर, २५० असेल तर ३.६. दान म्हणून आलेल्या औषधांत एकाच आठवड्यात दोन्ही ताकदीच्या बाटल्या कपाटात असू शकतात. बाटली हातात घेऊन, लेबल वाचून, दुसऱ्या नर्सला दाखवून मगच भरा. दशांशाआधी शून्य लिहा (०.५), पूर्णांकानंतर शून्य नको (५, ५.० नव्हे).

८. दुभाष्यामार्फत बोलताना

दुभाषी स्थानिक असतात आणि जहाजावरचे पगारी कर्मचारी असतात. सिएरा लिओनमध्ये क्रिओ, टेम्ने, मेंडे, सेनेगलमध्ये वोलोफ आणि फ्रेंच, मादागास्करमध्ये मालागासी. कधीकधी दोन दुभाषी लागतात, एकीकडून दुसऱ्याकडे. अशा वेळी एका वाक्यात एकच गोष्ट सांगा.

रुग्णाकडे बघून बोला, दुभाष्याकडे नव्हे. "समजलं का?" विचारू नका, उत्तर नेहमी "हो" असतं. "घरी गेल्यावर हे बँडेज ओलं झालं तर काय कराल?" असं विचारा. दुभाषी रुग्णाच्या चार वाक्यांचं एकच वाक्य करून सांगत असेल तर नम्रपणे सगळं सांगायला लावा. वेदना मोजायला चेहऱ्यांचा तक्ता वापरा, पण काही समाजांत मुलं दुखलं तरी रडत नाहीत. तिथे घट्ट मुठी आणि खाणं नाकारणं जास्त खरं सांगतं. क्रिओमध्ये "कुशे" म्हणजे नमस्कार. एवढं तरी स्वतः म्हणा.

प्रत्येक मुलाबरोबर एक नातेवाईक असतं आणि ते बहुधा पलंगाखालच्या गादीवर झोपतं. रात्री पलंगाची उंची खाली करण्याआधी खाली बघा.

९. वॉर्डात काय बघाल

घरी क्वचित दिसणारे रुग्ण इथे रोज असतात, आणि उपचाराविना वर्षं गेलेली असतात. काही गोष्टी आधीच पक्क्या करून जा.

प्रसूतीनंतरच्या मूत्रमार्गाच्या फिस्टुलावर (लघवी सतत गळू देणाऱ्या भोकावर) ऑपरेशन झालेल्या बाईचा कॅथेटर तुंबता कामा नये. मूत्राशय भरलं की टाक्यांवर ताण येतो आणि दुरुस्ती फाटते. पिशवीत दर तासाला लघवी येते का बघा, रुग्णाला दिवसाकाठी ३-४ लिटर पाणी प्यायला लावा. पिशवी रिकामी आणि चादर ओली, म्हणजे नळी तुंबल्याचीच शंका घ्या: आधी पीळ बघा, मग रुग्ण नळीवर झोपली आहे का ते बघा, आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. "सकाळच्या राउंडला सांगू" इथे चालत नाही.

टाळू शिवलेल्या मुलाच्या तोंडात चमचा, स्ट्रॉ, सक्शनची नळी काही नको. कोपर वाकू नये म्हणून बाह्या लावतात, त्या आईच्या आग्रहाने काढू नका. मूल झोपेत सारखं गिळत असेल तर टॉर्चने घसा बघा. रक्तस्राव पोटात जात असतो आणि बाहेर काहीच दिसत नाही.

मोठा गलगंड काढल्यावर पहिले २४ तास मान बघत राहा. मान फुगली, आवाज बदलला, श्वास कष्टाने चालला तर ती जागेवर टाके उघडण्याची वेळ असते, म्हणून टाके काढायचा संच पलंगाशीच ठेवतात. पाळी सुरू होताच तो आहे ना हे हाताने चाचपा. ओठांभोवती मुंग्या म्हणजे कॅल्शियम कमी.

जबड्याची गाठ काढलेले रुग्ण बऱ्याचदा अनेक महिने नीट जेवलेले नसतात. रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) पहिल्याच दिवशी पोटभर देण्याचा मोह होतो. पण उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं तर फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. आहारतज्ज्ञाने लिहिलेला वेग वाढवू नका.

भाजून आखडलेला हात किंवा मान सोडवून त्वचा लावली असेल तर पहिलं ड्रेसिंग साधारण पाचव्या दिवशी उघडतात. तोवर कलम हलू देऊ नका. उघडण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक द्या. पहिल्या ड्रेसिंगला खूप दुखलं तर मूल पुढची प्रत्येक ड्रेसिंग करू देणार नाही. वाकडे पाय सरळ केलेल्या मुलांची बोटं दर पाळीला बघा: रंग, ऊब, नखावर दाबून सोडल्यावर २ सेकंदांत रक्त येतं का. बोट हलवून ताणल्यावर भयंकर दुखत असेल तर प्लास्टरखाली दाब वाढतो आहे.

ऑपरेशननंतर ताप आला की जखम बघाच, पण मलेरियाची झटपट चाचणीही मागा.

१०. सुई टोचली तर, आणि रक्तदान

साबण-पाण्याने धुवा, दाबून पिळू नका, लगेच पाळीच्या प्रमुखाला सांगा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं. ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. लाजेपोटी लपवलेली सुई सगळ्यात महाग पडते.

जहाजावर मोठी रक्तपेढी नसते. गरज पडली की कर्मचाऱ्यांतूनच जुळणारा रक्तगट शोधून ताजं रक्त घेतलं जातं. म्हणून वर रक्तगटाचा पुरावा मागितला. यादीत नाव दिलं असेल तर बोलावणं मध्यरात्रीही येऊ शकतं.

रुग्णाचा फोटो स्वतःच्या फोनवर काढू नका, त्याने होकार दिला तरी.

११. उतरण्याआधी आणि परतल्यावर

उतरण्याच्या आठवडाभर आधी कामाच्या तासांसह अनुभवपत्र मागून घ्या. नंतर ईमेलवर ते मिळायला वेळ लागतो आणि नोंदणी नूतनीकरणाला ते उपयोगी पडू शकतं. मलेरियाच्या गोळ्या विमानात बसलात म्हणून थांबवू नका. परतल्यानंतर तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी तपासणी करा आणि डॉक्टरांना "मी मलेरियाच्या भागातून आले" हे पहिल्या वाक्यात सांगा. त्यांच्या मनात आधी फ्लू येईल.

आपल्या हॉस्पिटलात पुन्हा रुजू होण्यापूर्वी संसर्ग नियंत्रण विभागाला कळवा. परदेशात वॉर्डात काम केलेल्यांची एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू) आणि क्षयाची तपासणी बऱ्याच ठिकाणी मागतात. अहवाल यायला काही दिवस लागतात, म्हणून रजेचा हिशोब करतानाच ते दिवस धरा.